'डिड आय स्टटर?' या प्रश्नात काय चुकते

इंग्रजीतील 'स्टटर' या शब्दाला आज दोन वेगळी कामे करावी लागतात. बोलताना ज्यांचा शब्द अडतो त्या माणसांच्या वाणीचे, म्हणजे तोतरेपणाचे, ते नाव आहे. आणि त्याच वेळी गचके खात चालणारे इंजिन, वाढ मंदावलेली अर्थव्यवस्था, व्हिडिओ गेममध्ये अडकत सरकणारे चित्र, मशीनगनचा तुटक आवाज आणि पेनल्टी घेताना फुटबॉलपटूने मध्येच थबकून घेतलेली धाव या सगळ्यांसाठीही इंग्रजी भाषक तोच शब्द सहज वापरतात. या दुसऱ्या वापरावरून वाद होतो आणि तो जवळजवळ नेहमीच एका ठरावीक चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, की ज्या शब्दाने माणसांची एक अवस्था ओळखली जाते तो शब्द बिघाडासाठी वापरणे हा त्या माणसांचा अपमान आहे आणि म्हणून तो वापर थांबला पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, की भाषा रूपकांवरच जगते, इंजिनाबद्दल बोलणाऱ्याच्या मनात कोणत्याही माणसाचा विचार नसतो, आणि प्रत्येक शब्दापाशी दुखावलेल्या भावनांचा पहारा बसवला तर लिहिणेच अशक्य होईल. दोन्ही बाजूंना या वादाचा केंद्रबिंदू भावनेत दिसतो: कोणाला लागले, किती लागले, लागायला हवे होते की नको. माझ्या मते प्रश्न भावनेचा नाही, खरेपणाचा आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. 'स्टटर' या शब्दाचे काही लाक्षणिक वापर केवळ बाहेरून दिसणारी हालचाल किंवा कानाला ऐकू येणारा आवाज उसना घेतात. इंजिनाचे गचके, बंदुकीचा आवाज आणि खेळाडूची थबकती धाव हे त्या प्रकारचे वापर आहेत आणि त्यांच्यावर आक्षेप घेण्याचे मला कारण दिसत नाही. दुसरे वापर मात्र हालचालीबरोबर मनाविषयीचा एक निष्कर्षही उचलतात: जो अडखळतो त्याला शंका आहे, भीती आहे, तो काहीतरी लपवतो आहे किंवा त्याची तयारी झालेली नाही. मंत्र्याने उत्तर देताना 'स्टटर' केले असे वार्ताहर लिहितो तेव्हा मंत्री उत्तरापासून पळत होता, असे त्याला वाचकापर्यंत पोहोचवायचे असते. हा वापर सोडून द्यावा असे मला वाटते. त्याने कोणी दुखावते म्हणून मी हे म्हणत नाही. तो ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत चुकीची आहे म्हणून म्हणतो. कोणाचेही मन दुखावले नाही तरी खोटे विधान खोटेच राहते.

ती समजूत चुकीची का, हे समजण्यासाठी तोतरेपणा म्हणजे काय हे आधी नीट पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 1977 मध्ये केलेल्या व्याख्येत या अवस्थेचे मर्म आले आहे: आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्या व्यक्तीला नेमके ठाऊक असते, परंतु आवाजाच्या अनैच्छिक पुनरावृत्तीमुळे, लांबणीमुळे किंवा खंडामुळे त्या क्षणी तिला ते म्हणता येत नाही. व्याख्येतील 'नेमके ठाऊक असते' हे शब्द अनवधानाने पडलेले नाहीत. ज्याला उत्तर ठाऊक नाही आणि म्हणून जो थांबतो, त्याच्यापासून तोतऱ्या माणसाला वेगळे करणारी खूणच ती आहे. सुमारे 5 टक्के किंवा त्याहून थोड्या अधिक मुलांमध्ये ही अवस्था बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांदरम्यान सुरू होते, त्यांतील बहुतेकांची ती पुढे आपोआप किंवा उपचाराने जाते, आणि सुमारे 1 टक्का प्रौढांमध्ये ती कायम राहते. प्रौढांमध्ये पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळपास चौपट आहे. तोतरेपणा कुटुंबांतून चालत येतो, हे पूर्वीपासून दिसत होते. 2010 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे जाऊन तीन जनुकांमधील बदलांचा तोतरेपणाशी संबंध दाखवला. मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांत बोलण्याची आखणी करणारे आणि ते प्रत्यक्षात उतरवणारे भाग जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या मार्गांत फरक आढळले आहेत. गाताना, इतरांच्या सुरात सूर मिसळून वाचताना किंवा एकांतात स्वतःशी बोलताना हेच लोक बहुतेक वेळा न अडता बोलतात. भीतीने तोतरेपणा वाढू शकतो, हे खरे. पण भीतीने वाढणे आणि भीतीतून जन्मणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा गोंधळ त्या दोहोंची गल्लत करण्यातून होतो.

आता 'डिड आय स्टटर?', म्हणजे 'मी अडखळलो का?', या प्रश्नाकडे पाहू. अमेरिकी बोलण्यात तो इतका रुळला आहे की तो विचारणाऱ्यांपैकी फारच थोडे त्याच्या अर्थाचा विचार करत असतील. समोरच्याने ऐकलेले मान्य केले नाही किंवा पुन्हा विचारले की हा प्रश्न फेकला जातो, आणि त्याचा आशय असा असतो: मी स्पष्ट बोललो, ठामपणे बोललो, माझ्या म्हणण्यात शंकेला जागा नाही, तेव्हा गुमान ऐक. या प्रश्नाला धार येण्यासाठी ऐकणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य केलेली असावी लागते, ती म्हणजे अडखळून म्हटलेले वाक्य कमी ठाम असते, कमी अधिकाराचे असते आणि ते मानले नाही तरी चालते. एखाद्या स्त्रीने 'नाही' हा शब्द उच्चारताना पहिल्या अक्षरावर चार सेकंद अडकून मग तो पूर्ण केला, तर तिचा नकार चार सेकंदांनी सैल होतो का? साक्षीदाराने आरोपीचे नाव तीन प्रयत्नांनंतर उच्चारले, तर ते नाव तिसऱ्या हिश्श्याइतकेच खरे ठरते का? असे विचारले की उत्तर कोणालाही कळते. परंतु रूढ वाक्प्रयोग हा प्रश्न विचारूच देत नाही. तो उत्तर गृहीत धरून पुढे जातो. शिवीपेक्षा अशा वाक्प्रयोगाची मला अधिक काळजी वाटते, कारण शिवी निदान शिवी म्हणून ओळखता येते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. कोणी 'त त प प' करू लागला की तो पकडला गेला असे आपण समजतो, आणि घाबरलेल्याची 'बोबडी वळते'. वाणीच्या अडखळण्यातून मनाची अवस्था वाचण्याची सवय एकट्या इंग्रजीची नाही. फरक इतकाच, की इंग्रजीत ज्या शब्दाने हे वाचन होते तोच शब्द वैद्यकीय अहवालावरही लिहिलेला असतो, आणि म्हणून तिथे प्रश्न अधिक टोकदार होतो.

विरोधी बाजूच्या मुद्द्यांपैकी पहिला मुद्दा भक्कम आहे आणि तो पूर्ण मान्य केला पाहिजे. शब्द आपल्या मूळ अर्थाच्या बाहेर पडतात, आणि एकदा बाहेर पडल्यावर ते मूळ अर्थ बरोबर वागवतातच असे नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डीएनएची प्रत काढताना साखळी एका टप्प्याने घसरते आणि आलेखावर खऱ्या शिखराशेजारी एक छोटे शिखर उमटते; त्याला तज्ज्ञ 'स्टटर' म्हणतात. त्या तंत्रज्ञाच्या मनात तोतऱ्या माणसांविषयी काही पूर्वग्रह असतो, असे म्हणणे हास्यास्पद होईल. काही जण याच्याही मागे जातात आणि सांगतात, की हा शब्द ज्या जर्मॅनिक धातूपासून आला त्याचा अर्थ ढकलणे, ठोकर बसणे असा होता, म्हणजे यंत्रासाठी होणारा वापर उलट मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. हा शेवटचा युक्तिवाद मला पटत नाही, कारण शब्दाचा आजचा अर्थ आजच्या बोलणाऱ्यांच्या व्यवहारात ठरतो, हजार वर्षांपूर्वीच्या धातूत ठरत नाही. परंतु मुख्य मुद्दा त्याच्याशिवायही उभा राहतो. म्हणूनच मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. इंजिन अडखळते असे म्हणताना इंजिनाच्या मनाविषयी कोणीच काही म्हणत नसते, कारण इंजिनाला मन नसते. रूपकाने काय उसने घेतले एवढेच तपासायचे आहे, आणि इथे त्याने फक्त लय उसनी घेतली आहे.

अर्थव्यवस्थेचे उदाहरण या दोहोंच्या सीमेवर पडते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. वाढीचा दर एका तिमाहीत वर, दुसरीत खाली, तिसरीत पुन्हा वर असा जात असेल तर तिच्या चालीला 'स्टटरिंग' म्हणणे वर्णन म्हणून चालून जाते. पण सरकारच्या धोरणाला हा शब्द लावला, की वाचक धोरण आखणाऱ्यांच्या निर्धाराविषयी काहीतरी समजतो. या ठिकाणी 'कचरणारे', 'अनिश्चित', 'उलटसुलट' अशा अर्थाचे शब्द इंग्रजीत भरपूर आहेत आणि ते अधिक नेमकेही आहेत. लेखकाने नेमका शब्द निवडावा ही अपेक्षा संवेदनशीलतेच्या चळवळीच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे: शब्द बदलून काहीही साधत नाही, तिरस्कार नव्या शब्दात मुक्काम हलवतो. याला इतिहासाचा भरपूर आधार आहे. 'मोरॉन' हा शब्द 1910 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडार्ड यांनी बौद्धिक क्षमतेच्या एका श्रेणीचे तांत्रिक नाव म्हणून घडवला आणि तो थोड्याच काळात शिवी झाला. त्याच्या जागी आलेल्या 'रिटार्डेड' या शब्दाचीही तीच गत झाली, आणि अखेर 2010 मध्ये अमेरिकेला कायदा करून केंद्रीय कायद्यांतून तो काढावा लागला. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे येणारे हालचालींचे अपंगत्व) असलेल्यांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील स्पॅस्टिक्स सोसायटीने 1994 मध्ये आपले नाव बदलून स्कोप असे ठेवले, कारण जुने नाव शाळांच्या मैदानांवर शिवी म्हणून वापरले जात होते. तर पुढे मुलांनी नव्या नावावरूनही चिडवण्याचा शब्द बनवला. मग 'स्टटर'च्या वापराबद्दल बोलून काय मिळणार?

ही उदाहरणे खरी आहेत, पण ती वेगळ्या गोष्टीची उदाहरणे आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी अवस्थेचे नाव बदलले गेले आणि अवस्थेविषयीची समजूत मात्र तशीच ठेवली गेली, त्यामुळे समजुतीने नवे नाव गाठले. इथे कोणी नाव बदला म्हणत नाही; निदान मी म्हणत नाही, आणि ज्यांना ही अवस्था आहे त्यांच्यातील अनेक जण 'स्टटरर' हेच नाव सरळपणे स्वतःला लावतात. ब्रिटनमध्ये 'स्टॅमर' आणि अमेरिकेत 'स्टटर' हा शब्द अधिक चालतो. अवस्था एकच आहे, आणि त्यांपैकी एक शब्द टाकून दुसरा घेतल्याने कोणाचाही फायदा झालेला नाही. मागणी समजूत बदलण्याची आहे, आणि समजूत ज्या वाक्यांतून रोज नव्याने शिकवली जाते ती वाक्ये त्यात ओघाने येतात. शब्द तोच राहिला तरी त्याच्याकडून चुकीचा निष्कर्ष काढून घेणे आपण थांबवू शकतो.

तिसरा मुद्दा खुद्द तोतरे बोलणाऱ्यांकडून येतो आणि म्हणून त्याला सर्वांत जास्त वजन आहे. ते म्हणतात: आम्हाला मुलाखतीत नाकारले जाते, तोंडी परीक्षेत आमचे गुण जातात, फोनवर आम्ही गप्प झालो की पलीकडचा माणूस फोन ठेवतो, आणि तुम्ही इंजिनाच्या वर्णनावर लेख लिहिता. हा राग रास्त आहे. परंतु मुलाखतीत नाकारणारा माणूस नेमके काय करत असतो? उमेदवार अडतो, आणि तो मनात नोंद करतो की याला आत्मविश्वास नाही, विषय येत नाही, दबावाखाली हा टिकणार नाही. त्याने कोणताही अभ्यास वाचलेला नसतो. त्याच्या डोक्यात असलेले हे समीकरण त्याला भाषेने आयते दिलेले असते. शब्दांचा वाद आणि नोकरीचा प्रश्न हे दोन वेगळे विषय आहेत असे मानणे मला म्हणूनच जमत नाही.

मात्र शब्दांच्या परिणामाविषयी बोलताना अतिशयोक्ती करू नये, आणि या विषयाच्या इतिहासात त्या अतिशयोक्तीची मोठी किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील वाणी-संशोधक वेंडेल जॉन्सन हे स्वतः तोतरे बोलत. मुलाच्या साध्या अडखळण्याला पालकांनी 'तोतरेपणा' हे नाव दिल्यामुळेच तो खरा तोतरेपणा बनतो, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1939 मध्ये मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने आयोवातील डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमात 22 मुलांवर प्रयोग केला. त्यांतील नीट बोलणाऱ्या 6 मुलांना, तुमचे बोलणे बिघडत चालले आहे, असे वारंवार सांगण्यात आले. हा प्रयोग 2001 मध्ये वृत्तपत्रांतून जगासमोर आला, विद्यापीठाने माफी मागितली आणि 2007 मध्ये आयोवा राज्याने त्यांतील हयात व्यक्तींना व काहींच्या वारसांना 9 लाख 25 हजार डॉलर देण्याचे मान्य केले. शब्द माणसाला तोतरा बनवू शकतो याचा पुरावा म्हणून आजही हा प्रयोग सांगितला जातो, आणि ते चूक आहे. नंतरच्या संशोधकांनी त्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा नीट बोलणारी मुले खरोखर तोतरी झाल्याचे त्यांना आढळले नाही. जे घडले ते वेगळे होते: ती मुले बोलायला कचरू लागली, अबोल झाली, शब्द तोंडातून काढण्याआधी घाबरू लागली. जॉन्सन यांनी असेही लिहिले होते, की अमेरिकेतील काही मूलनिवासी जमातींच्या भाषांत तोतरेपणासाठी शब्दच नाही आणि म्हणून त्यांच्यात तोतरी माणसेही नाहीत; पुढच्या अभ्यासकांना त्या लोकांत शब्दही सापडले आणि तशी माणसेही. शब्दाने अवस्था जन्मत नाही. पण ती वागवणाऱ्या माणसाने तोंड उघडावे की मिटून घ्यावे, हे ठरवण्यात आजूबाजूच्या लोकांनी त्या अवस्थेला चिकटवलेल्या अर्थाचा मोठा वाटा असतो, आणि एवढे म्हणणे पुरेसे आहे.

तोंड मिटून घेण्याचा हा भाग इंग्रजीतील लाक्षणिक वापरात पूर्णपणे गळून जातो, आणि माझा दुसरा आक्षेप तोच आहे. 'स्टटर' म्हटले की सर्वसाधारण इंग्रजी भाषकाच्या कानात पहिल्या व्यंजनाची पुनरावृत्ती वाजते. वाणीतज्ज्ञ मात्र तीन प्रकार सांगतात: पुनरावृत्ती, लांबण आणि खंड. यातला तिसरा प्रकार, ज्यात घसा आवळतो, श्वास थांबतो आणि आवाज मुळीच निघत नाही, अनेकांना सर्वांत जड जातो. आणि तो ऐकूच येत नाही. त्याहूनही खोल जाणारी गोष्ट म्हणजे टाळाटाळ. अवघड शब्द समोर येताना दिसला की वाक्याची दिशा वळवणे, वेगळा शब्द योजणे, प्रश्न विचारायचा असूनही हात वर न करणे. ब्रिटनमध्ये 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन तरुणपणी तोतरे बोलत, आणि अडणाऱ्या शब्दांना पर्याय शोधता शोधता त्यांचा शब्दसंग्रह विलक्षण वाढला, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. परंतु एक शब्द असा आहे ज्याला पर्याय नसतो: स्वतःचे नाव. म्हणून कित्येकांना नाव सांगताना सर्वाधिक अडते, आणि समोरचा हसून विचारतो, नाव विसरलात की काय? ज्या माणसाला त्या क्षणी जगातील दुसऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा आपले नाव अधिक पक्के ठाऊक असते, त्यालाच हे विचारले जाते.

तोतरेपणाचा आवाज हवा पण त्याला लागणारा वेळ नको, ही वृत्ती लोकप्रिय संस्कृतीत किती उघडपणे दिसते याचे एक उदाहरण अमेरिकी व्यंगचित्रपटांच्या इतिहासात आहे. 1935 मध्ये पडद्यावर आलेल्या पॉर्की पिग या डुकराच्या पात्राला सुरुवातीला जो डॉहर्टी या नटाने आवाज दिला. डॉहर्टी खरोखरच तोतरे बोलत. त्यांचे अडणे त्यांच्या ताब्यात नव्हते, ध्वनिमुद्रण लांबत असे, खर्च वाढत असे. म्हणून 1937 मध्ये त्यांच्या जागी मेल ब्लँक आले, ज्यांना हवे तिथे, हवे तितकेच आणि हशा पिकेल अशा बेताने अडखळता येत होते. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी भाषक मुलांना तोतरेपणा म्हणून जो आवाज ओळखीचा झाला तो असा न अडणाऱ्या माणसाने घडवलेला होता. निर्मात्यांना दोष देऊन आज काही साधणार नाही. परंतु दैनंदिन इंग्रजीत या शब्दाचा जो अर्थ पसरला आहे तो खऱ्या अनुभवापासून किती दूर तयार झाला, हे यावरून कळते.

बोलण्यावरून मन आणि बुद्धी मापण्याची खोड अर्थातच इंग्रजीपेक्षा फार जुनी आहे. ग्रीकांनी परभाषकांना 'बार्बारोस' म्हटले, कारण त्यांचे बोलणे ग्रीक कानाला बर-बर असे अर्थहीन वाटे. संस्कृतातील 'बर्बर' शब्दालाही अडखळत बोलणारा आणि असंस्कृत असे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. रोममध्ये क्लॉडियसची वाणी अडखळत असे आणि चालणे नीट नव्हते, म्हणून राजघराण्याने त्याला वर्षानुवर्षे लोकांच्या नजरेआड ठेवले. त्याची आईच त्याला निसर्गाने अर्धवट सोडलेला माणूस म्हणत असे. त्या काळात तो एत्रुस्कन लोकांचा आणि कार्थेजचा इतिहास लिहीत होता, आणि इ. स. 41 मध्ये सम्राट झाल्यावर त्याच्या कारकिर्दीत ब्रिटनचा बराच भाग रोमच्या साम्राज्यात आला. पुढे 1841 मध्ये बर्लिनचे नामांकित शल्यविशारद योहान डीफेनबाख यांनी तोतरेपणा बरा करण्यासाठी जिभेच्या मुळातून मांसाचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया केली, तीही भूल देण्याची पद्धत प्रचारात येण्यापूर्वी. दोष मनात आहे असे मानणाऱ्यांनी माणसाला लपवले, दोष जिभेत आहे असे मानणाऱ्यांनी जीभ कापली. आणि दोघांच्याही समजुती आपापल्या काळात सर्वमान्य होत्या.

आजच्या काळातील उदाहरण द्यायचे तर जो बायडन यांच्या बोलण्यावरून 2020 आणि 2024 मध्ये झालेल्या चर्चेचे द्यावे लागेल. आपण लहानपणी तोतरे बोलत होतो हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. विरोधकांनी त्यांच्या प्रत्येक अडखळण्याला वार्धक्याची खूण ठरवले. समर्थकांपैकी अनेकांनी प्रत्येक अडखळण्याला, विचारांचा धागा सुटला त्या प्रसंगांनाही, तोतरेपणाची सबब दिली. ज्याला आपला शब्द ठाऊक आहे पण उच्चारता येत नाही, आणि ज्याला शब्दच आठवत नाही किंवा आपण काय म्हणत होतो हे आठवत नाही, या दोन अवस्था वेगळ्या आहेत. त्यांतला फरक काही सेकंदांच्या चित्रफितीवरून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, पण फरक आहे हे मान्य करूनच चर्चा व्हायला हवी होती. तसे झाले नाही, कारण दोन्ही बाजूंकडे एकच ढोबळ शब्द होता आणि त्यात दोन्ही अवस्था आधीच कालवलेल्या होत्या. तोतरे बोलणाऱ्या इतर लाखो माणसांचे यात दुहेरी नुकसान झाले: एका बाजूने त्यांची अवस्था बुद्धिभ्रंशाशी जोडली, दुसऱ्या बाजूने ती राजकीय ढाल म्हणून वापरली.

कौतुकाच्या भाषेतही हेच घडते, आणि तिथे ते पकडणे अधिक कठीण आहे. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांची कथा इंग्रजीत नेहमी 'तोतरेपणावर मात करणारा राजा' अशी सांगितली जाते. 1925 मध्ये वेम्बली येथील प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण त्यांना आणि ऐकणाऱ्यांना असह्य झाले होते. 1926 पासून वाणी-उपचारक लायनेल लोग यांच्या मदतीने त्यांनी परिश्रम केले. आणि 3 सप्टेंबर 1939 रोजी युद्ध जाहीर झाल्यावर त्यांनी रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केले. त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात लांब विराम आहेत, एकेक शब्द सांभाळून ठेवलेला आहे, आणि अडचण पूर्ण गेलेली नाही हे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवते. त्यांनी तोतरेपणासह भाषण केले. 'मात केली' असे म्हटले की ज्यांचे अडणे आयुष्यभर टिकते, आणि प्रौढांमध्ये ते बहुतेकदा टिकतेच, ती माणसे पराभूत ठरतात. तरुण वयातील अनेकांना मी हेच ओझे वागवताना पाहिले आहे: आपण अजून जिंकलो नाही, म्हणून अजून बोलायला लागायचे नाही.

हे सगळे मान्य असलेल्या लेखकाने, संपादकाने, परीक्षकाने काय करावे, हा प्रश्न उरतो, आणि त्याची उत्तरे फारशी कठीण नाहीत. तोतरे बोलणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील स्टॅमा या संस्थेने 2020 मध्ये विकिपीडियावरील चरित्रलेखांत तोतरेपणाविषयी वापरलेली 'ग्रासलेला', 'दोष', 'मात' अशी भाषा बदलण्याची मोहीम घेतली होती; ती मला योग्य दिशेची वाटते, कारण तिने इंजिनांना सोडून माणसांविषयीच्या विधानांना हात घातला. मुलाखतीत उमेदवाराच्या उत्तराला गुण द्यावेत, उत्तर यायला लागलेल्या सेकंदांना नव्हे. वेळेची मर्यादा असलेल्या तोंडी परीक्षेत अधिक वेळ द्यावा, ज्याला ब्रिटनमधील 2010 च्या समानता कायद्यात आधारही आहे. समोरच्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये, कारण आपण सुचवलेला शब्द त्याचा नसतो. आवाजावर चालणाऱ्या यंत्रणांनी बोलणे थांबले की बोलणे संपले असे धरणे सोडावे. माणूस खंडात अडकलेला असताना 'आपले उत्तर समजले नाही' असे ऐकवून फोन तोडणारी यंत्रणा मुलाखत घेणाऱ्याचीच चूक हजारपट वेगाने करते.

आणि वार्ताहरांसाठी एक प्रश्न, ज्याचे उत्तर देताना मी अजूनही दोन्ही बाजू तोलतो. तोतऱ्या माणसाचे म्हणणे अवतरणात छापताना त्याचे अडणे अक्षरांच्या पुनरावृत्तीने दाखवावे का? न दाखवणे म्हणजे त्याचे बोलणे पुसून गुळगुळीत करणे, असे काही जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही मी न दाखवण्याच्या बाजूने आहे, जोवर लेखाचा विषयच ती वाणी नाही किंवा त्या व्यक्तीने तसे सांगितलेले नाही. इतर कोणाचेही बोलणे छापताना आपण त्याचे 'अं', 'म्हणजे', मध्येच सोडलेली वाक्ये गाळतो आणि त्याला म्हणायचे होते ते वाचकापुढे ठेवतो. तोतऱ्या माणसाच्या बाबतीत त्याला काय म्हणायचे होते हे तर त्याला पहिल्या अक्षरापासूनच ठाऊक असते.